काट्याच्या प्रोग्रामच्या नोंदी

18 ऑगस्ट 2024, रविवार

काका ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, गाड्या तोलायच्या काट्यावर बसतात तिथला जुना कॉम्प्युटर मागच्या सीझनच्या शेवटी बसला तो बसलाच. एक्सपीवर चालणारा डबा होता. प्रोग्राम ज्यानं लिहिला तो माणूस फोन उचलत नाही, सोर्स, म्हणजे त्याचा मूळ कोड, कुणाकडेच नाही. उरलेला महिना काकांनी इंडिकेटरवरचा आकडा बघून कार्बनच्या पावतीपुस्तकात हातानं लिहून काढला. या वर्षी नवा प्रोग्राम मी करून देते असं बोलून बसले आहे. दसऱ्यापर्यंत उभा राहिला पाहिजे, कारण आमच्या राळेगाव तालुक्यात दिवाळीच्या आसपास कापसाच्या गाड्या सुरू होतात. पऱ्हाटीला आत्ता कुठे पात्या धरल्यात, म्हणजे वेळ आहे असं मनाला सांगायला हरकत नाही.

हातात काय आहे ते लिहून ठेवते. साठ टनी काटा, 10 किलोचा टप्पा. प्लॅटफॉर्मखाली लोडसेल, खोलीत इंडिकेटर, त्याच्या पाठीमागे आरएस-232 चं नऊ पिनांचं सॉकेट. वेग 9600. इंडिकेटरला 'डब्ल्यू' हे एक अक्षर पाठवलं की तो त्या क्षणाचं वजन परत पाठवतो. मागितल्याशिवाय काही बोलत नाही, हे बरं. कॉम्प्युटर 2 जीबी रॅमचा, त्यावर लिनक्स टाकलं. भाषा सी++. एक तर मला तीच नीट येते, दुसरं म्हणजे चुलतभाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला ऑब्जेक्ट ओरिएंटेडचा पेपर आहे, तोही शेजारी बसेल.

या नोंदींत कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिणार. मशीनवर अर्थातच रोमन आहेत.

20 ऑगस्ट, मंगळवार

गाडी काट्यावर चढली की आकडा लगेच थांबत नाही. 6,470, 6,490, 6,480 असा डोलत राहतो. म्हणून लागोपाठ दहा वेळा वजन विचारायचं, दहाही आकडे सारखे आले की वजन बसलं असं धरायचं. त्यासाठी दहा घरांची गोल फिरणारी रांग हवी. पावत्यांनाही तशीच रांग हवी, कारण प्रिंटर अडकला तरी पुढच्या गाडीचं वजन थांबता कामा नये. एक रांग आकड्यांची, एक पावत्यांची. तोच क्लास दोनदा लिहिण्यापेक्षा टेम्प्लेट, म्हणजे प्रकार (टी) नंतर भरायचा साचा, करू: रांग<टी>. आत न्यूनं मेमरीत जागा घ्यायची, डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे वस्तूचं आयुष्य संपलं की आपोआप धावणाऱ्या फंक्शनमध्ये, सोडायची.

चुलतभावानं स्वतःच्या लॅपटॉपवर हिशेबाचा भाग करून आणला होता, टर्बो सी++ मध्ये. कॉलेजात अजून तेच शिकवतात, निळ्या पडद्याचं, डॉसबॉक्समध्ये. 5 क्विंटल कापूस, यंदाचा लांब धाग्याचा हमीभाव 7,521. उत्तर आलं उणे 27,931. तो दहा मिनिटं सूत्राकडे बघत होता. सूत्र बरोबरच होतं. टर्बोमध्ये इंट 16 बिटांचा, 32,767 च्या वर गेला की उलटतो. 37,605 मधून 65,536 वजा करा, तोच आकडा येतो. काका मागून वाकून बघत होते. "म्हंजे कास्तकारानंच जिनिंगले पैसे द्याचे का?" म्हणाले.

टर्बो बंद. इथून पुढे लिनक्सवरचा जीसीसी कंपाइलर. आणि पैसे पैशांमध्येच, 64 बिटांच्या पूर्णांकात.

22 ऑगस्ट, गुरुवार

रांग.एच या हेडर फाइलीत क्लास, रांग.सीपीपी मध्ये फंक्शन्सचा मजकूर, जसं शाळेपासून शिकलो तसं. पहिल्याच कंपाइलला नऊ एरर. त्यातल्या आठ एकाच जातीच्या: 'रांग' यूज्ड विदाउट टेम्प्लेट आर्ग्युमेंट्स. मी क्लासच्या बाहेर नुसतं रांग::~रांग() असं लिहिलं होतं. बाहेर लिहिताना प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर टेम्प्लेटची ओळ पुन्हा हवी, आणि नावाआधी रांग<टी>:: असं हवं. डिस्ट्रक्टरची पूर्ण ओळ अशी:

रांग<टी>::~रांग()

डबल कोलनच्या डावीकडे <टी> आहे, टिल्डच्या (~) उजवीकडे नाही. चुलतभावानं दोन्हीकडे लावलं होतं आणि त्याच्या मते तेच जास्त शिस्तीचं दिसतं. जुन्या नियमात ते चालूनही जायचं. सी++20 नं कन्स्ट्रक्टर (वस्तू बनताना धावणारं फंक्शन) आणि डिस्ट्रक्टर यांच्या नावापुढचा <टी> काढून टाकला. आम्ही 20 लावूनच कंपाइल करतोय, त्यामुळे आमचं अडलं.

नववी एरर साधी होती, सेमीकोलन. आणि एक गोष्ट कंपाइलरनं सांगितली नाही, मी वाचताना पकडली: डिस्ट्रक्टरमध्ये नुसता डिलीट होता, चौकटी कंस नव्हते. न्यू-चौकटीनं घेतलेलं डिलीट-चौकटीनंच सोडायचं. आकड्यांच्या रांगेत हे चुकलं तर कदाचित काहीच दिसणार नाही. पावत्यांच्या रांगेत प्रत्येक पावतीचा स्वतःचा डिस्ट्रक्टर आहे, तिथे काय होईल याची खात्री कुणी देत नाही.

23 ऑगस्ट, शुक्रवार

आजचा दिवस वाया. पोर्टसाठी दुसरा टेम्प्लेट केला, राखण<टी>. जे काही उघडलं, पोर्ट असो की फाइल, त्याची राखण करायची आणि आपला शेवट झाला की ते बंद करायचं. कंपाइल केलं तर एकच ओळ: एक्स्पेक्टेड कन्स्ट्रक्टर, डिस्ट्रक्टर, ऑर टाइप कन्व्हर्जन बिफोर '<' टोकन. ओळीचा नंबर डिस्ट्रक्टरचा.

आता एररमध्ये डिस्ट्रक्टर लिहिलंय, नंबर डिस्ट्रक्टरचा आहे, तर माणूस डिस्ट्रक्टरच बघणार ना. मी दोन तास तेच केलं. टिल्ड बदलली, कंस मोजले, ओळ खोडून पुन्हा लिहिली. शेवटी जेवायला उठले, भाकर मोडताना आठवलं की राखण.एच ही फाइल मी रांग.एच ची नक्कल करून बनवली आहे. वरच्या गार्डचं, म्हणजे एकच फाइल दोनदा वाचली जाऊ नये म्हणून लावायच्या खुणेचं, नाव तसंच राहिलं होतं. आधी रांग.एच आत येते, गार्ड लागतो, मग राखण.एच आली की कंपाइलर म्हणतो हे तर वाचून झालं, आणि अख्खी फाइल सोडून देतो. त्याला राखण हे नाव माहीतच नाही. अनोळखी नाव आणि पुढे '<' दिसलं की तो एवढंच म्हणू शकतो की इथे कन्स्ट्रक्टर, डिस्ट्रक्टर किंवा तसलं काहीतरी अपेक्षित होतं. त्याची तक्रार डिस्ट्रक्टरबद्दल नव्हतीच. 'हा कोण?' एवढंच तो विचारत होता.

एक शब्द बदलला. झालं.

25 ऑगस्ट, रविवार

सगळं कंपाइल झालं, एकही एरर नाही, चुलतभावानं टाळी मागितली. मग जोडणी:

अनडिफाइन्ड रेफरन्स टू रांग<इंट>::रांग(इंट)
अनडिफाइन्ड रेफरन्स टू रांग<इंट>::टाक(इंट)
अनडिफाइन्ड रेफरन्स टू रांग<इंट>::~रांग()

तो म्हणे, "ताई, रांग.सीपीपी तर यादीत आहे. आन् हा डिस्ट्रक्टर तर आपण कुठंच बोलावला नाई!"

दोन्ही प्रश्न चांगले होते म्हणून नीट लिहिते. ही कंपाइलरची एररच नव्हे, कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरची आहे. शेवटी एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस असं येतं त्यावरून ओळखायचं. अशा वेळी व्याकरण तपासत बसू नये, व्याकरण पास झालेलं असतं.

पहिला प्रश्न. कंपाइलर एका वेळी एकच सीपीपी फाइल बघतो. मेन.सीपीपी कंपाइल करताना त्याला रांग<इंट> हवी हे कळतं, पण फंक्शन्सचा मजकूर समोर नसतो, म्हणून 'कुणीतरी देईल' अशी चिठ्ठी सोडून तो पुढे जातो. रांग.सीपीपी कंपाइल करताना मजकूर समोर असतो, पण टी म्हणजे काय ते कुणी सांगितलेलं नसतं. पुढच्या सोमवारी पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, कुंभारआळीत सध्या मातीचे बैल साच्यातून निघतायत. साचा नुसता भिंतीला टेकवून ठेवला तर बैल होत नाही. रांग.सीपीपी म्हणजे तो टेकवलेला साचा. एनएम कमांडनं रांग.ओ ही कंपाइल झालेली फाइल उघडून दाखवली, आत आमचं एकही फंक्शन नव्हतं. चुलतभावाला ते बघितल्यावर पटलं, माझ्या बोलण्यावर नाही.

दुसरा प्रश्न. डिस्ट्रक्टर आपण बोलवत नाही, महिरपी कंस बोलावतो. मेनच्या शेवटच्या '}' पाशी रांगेचं आयुष्य संपतं, तिथे कंपाइलर स्वतः हाक घालून ठेवतो. एरवी टेम्प्लेटमधलं जे फंक्शन कुणी वापरलं नाही ते तयारच होत नाही, त्यातली चूक महिनोन्महिने लपून राहू शकते. डिस्ट्रक्टरला मात्र ती सवलत नाही. वस्तू बनवली की तो लागतोच.

उपाय दोन. एक, रांग.सीपीपी च्या शेवटी टेम्प्लेट क्लास रांग<इंट>; अशी ओळ लिहून साच्यातून एक काढून ठेवणे. दुसरा, सगळा मजकूर हेडरमध्येच हलवणे. पहिल्यात प्रत्येक नव्या प्रकारासाठी एक ओळ वाढते आणि ती मी विसरणार हे मला माहीत आहे. हेडर. मजकूर वेगळा ठेवता यावा म्हणून 1998 च्या स्टँडर्डमध्ये एक्स्पोर्ट नावाची सोय होती, पण ती जवळजवळ कुणी बांधलीच नाही आणि 2011 मध्ये काढून टाकली. म्हणजे फक्त आम्हीच अडलो असं नाही.

27 ऑगस्ट, मंगळवार

चुलतभावानं मधला मार्ग काढला: रांग.सीपीपी जागेवर ठेवून हेडरच्या तळाशी तीच इन्क्लूड केली. आता रीडेफिनिशन. मेकफाइल, म्हणजे काय काय कंपाइल करायचं ते सांगणारी फाइल, फोल्डरमधल्या सगळ्या सीपीपी उचलते, त्यामुळे ती फाइल हेडरमधूनही आत येते आणि स्वतःहूनही. नाव बदलून रांग.टीपीपी केलं, मेकफाइलच्या नजरेतून सुटली. चालतं. मला आवडत नाही, पण त्यानं स्वतः शोधलं म्हणून राहू दिलं.

2 सप्टेंबर, सोमवार

पोळा. काम नाही.

8 सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आज पहिल्यांदा खऱ्या काट्यावर. पावसानं उघडीप दिली होती, प्लॅटफॉर्मवर चिखल, तो आधी झाडून इंडिकेटर शून्यावर आणला. काकांच्या ओळखीतला एक रिकामा ट्रॅक्टर-ट्रॉली चढवला. इंडिकेटर 3,960, स्क्रीन 3,960. पावती छापली. काका खूश.

मग एक पिकअप. इंडिकेटरवर 1,720. स्क्रीनवर 3,960. आणि स्क्रीन नुसती चुकीची नाही, हिरवी: वजन बसलं, दहापैकी दहा सारखे.

"ह्या पिकअपनं टॅक्टर गियला का काय वं बाई?" काका म्हणाले. पोरं हसली. मला हसू आलं नाही. अडकलं तर कळतं. हे अडकलं नव्हतं, छातीठोक खोटं बोलत होतं, आणि सीझनमध्ये असं झालं तर ते कुणाच्या तरी कापसाचे पैसे आहेत.

केबल हलवून पाहिली, इंडिकेटर बंद-चालू केला. प्रोग्राम बंद करून सुरू केला की पहिली गाडी बरोबर, दुसरी चूक. पुन्हा केलं, तेच. म्हणजे केबल निर्दोष. घरी येऊन पावत्यांची फाइल उघडली, काही छापायचं राहिलं का बघायला. ट्रॅक्टरच्या पावतीखाली ही ओळ होती:

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू

दहा. मोजले. काट्याला विचारायचं अक्षर माझा प्रोग्राम पावतीच्या फाइलला विचारत होता.

9 सप्टेंबर, सोमवार

सापडलं. रात्री दीडला.

एस-ट्रेस हे साधन चालवून प्रोग्राम आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) यांचं बोलणं बघितलं. पोर्ट उघडला, त्याला क्रमांक मिळाला 3. दहा वेळा डब्ल्यू, दहा उत्तरं, छान. लगेच क्लोज 3. मी कुठेही पोर्ट बंद केलेला नाही! पुढे पावतीची फाइल उघडली, तिला क्रमांक मिळाला 3, कारण लिनक्स नेहमी सर्वांत लहान मोकळा क्रमांक देतो. पिकअप आला. राखणीच्या वहीत अजून 'पोर्ट म्हणजे 3' असंच लिहिलेलं. 3 ला दहा डब्ल्यू पाठवले, ते फाइलीत गेले. वाचायला गेला तर फाइल संपलेली, शून्य अक्षरं. 'नवं काही आलं नाही तर जुनं वजन ठेव' असा शहाणपणा मीच लिहून ठेवला होता. दहाही वेळा जुनं, म्हणजे दहाही सारखे, म्हणजे वजन बसलं.

मग तो क्लोज कुणी केला? वजन घेणारं फंक्शन टेम्प्लेट होतं, वजन_घे(टी यंत्र). टी च्या पुढे & नाही. म्हणजे फंक्शनला राखणीची नक्कल जाते. नकलेतही तोच क्रमांक 3. फंक्शन संपलं, '}' आला, नकलेचा डिस्ट्रक्टर धावला आणि त्यानं आपलं काम इमानेइतबारे केलं, पोर्ट बंद. मूळ राखण बाहेर उभी, हातात बंद दाराची किल्ली.

मला वाटत होतं की मी रेफरन्सच, म्हणजे नक्कल नव्हे तर मूळ वस्तूच, देते आहे, कारण हाक मारताना हातात रेफरन्सच होता. पण टेम्प्लेट टी ओळखताना रेफरन्स गाळून टाकतो. फंक्शनच्या यादीत & लिहिला नसेल तर बाहेरून काहीही द्या, आत नक्कलच जाते. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. मार्कही मिळाले होते.

& लावून पाच सेकंदांत दुरुस्त झालं असतं. पण पुढच्या वेळी पुन्हा विसरेन. म्हणून राखणीची नक्कल करणंच बंद केलं: नक्कल करणारी फंक्शन्स दोन, कॉपी कन्स्ट्रक्टर आणि कॉपी असाइनमेंट, दोन्हींच्या पुढे = डिलीट. लगेच कंपाइलर ओरडला: यूज ऑफ डिलीटेड फंक्शन. एका जागी नाही, चार जागी. तीन नकला मला माहीतच नव्हत्या. इतके दिवस एरर आली की पोटात गोळा यायचा. आज चार आल्या आणि बरं वाटलं. काट्यावर सापडली असती ती चूक माझ्या टेबलावर सापडली.

रांगेलाही हाच रोग असणार म्हणून मुद्दाम तिची नक्कल करून पाहिली. फ्री(): डबल फ्री डिटेक्टेड इन टीकॅश 2, ॲबॉर्टेड. दोन रांगा, एकच जागा, दोघींनी सोडली. हा निदान बोंबलतो तरी. नियम जुना आहे: डिस्ट्रक्टर हातानं लिहावा लागला तर कॉपी कन्स्ट्रक्टर आणि कॉपी असाइनमेंटही लिहावे लागतात, तिघं एकाच घरातले. मी चौथा रस्ता धरला. रांगेतून न्यू-डिलीट काढून आत व्हेक्टर, सी++ ची तयार यादी, ठेवला. आता रांगेला डिस्ट्रक्टर लिहायचाच नाही, व्हेक्टर आपलं आपण बघतो.

चुलतभाऊ नाराज. "मंग पेपरात काय लिहू, ताई? डिस्ट्रक्टरवर सहा मार्काचा प्रश्न येते." पेपरात न्यू-डिलीटच लिही म्हटलं.

12 सप्टेंबर, गुरुवार

पावत्यांचे प्रकार. कापूस आत येतो, सरकी आणि गाठी बाहेर जातात. पावती हा मूळ क्लास, त्याच्यापासून तीन. रांगेत मूळ क्लासचे पॉइंटर, म्हणजे पावत्यांचे मेमरीतले पत्ते. डिलीट केल्यावर वॉर्निंग आली: पॉलिमॉर्फिक क्लास, पण डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल नाही, काहीही होऊ शकतं. चुलतभाऊ म्हणे वॉर्निंगच आहे, एरर थोडीच. मी त्याला डब्ल्यूची ओळ पुन्हा दाखवली. मूळ पॉइंटरवरून डिलीट केलं आणि डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल नसेल तर बहुतेक वेळा मूळचाच धावतो, सरकीच्या पावतीनं वेगळं काही धरलं असेल ते तसंच राहतं.

व्हर्च्युअल, म्हणजे वस्तू ज्या प्रकारची त्याच प्रकारचं फंक्शन धावावं अशी खूण, लावलं. लगेच: अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल फॉर पावती. या एररइतकी आडवळणी एरर दुसरी नसेल. व्हीटेबल म्हणजे क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शन्सचा तक्ता, पण हे नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. जीसीसी व्हीटेबल ठेवतो ती ज्या फाइलीत क्लासचं पहिलं व्हर्च्युअल फंक्शन, जे क्लासच्या आतच लिहिलेलं नाही असं, सापडतं त्या फाइलीत. माझ्याकडे ते पहिलं फंक्शन म्हणजे डिस्ट्रक्टरच, आणि मी तो नुसता जाहीर केला, मजकूर लिहिलाच नाही. पुढे = डिफॉल्ट लावलं, मिटलं.

शुद्ध व्हर्च्युअल, म्हणजे = 0, केला असता तरी डिस्ट्रक्टरला मजकूर द्यावाच लागतो. बाकी फंक्शन्सना ते बंधन नाही. सरकीच्या पावतीचा डिस्ट्रक्टर संपला की पावतीचा बोलावला जातोच, त्याला पळवाट नाही.

19 सप्टेंबर, गुरुवार

छोटी नोंद. रांग<टी> पासून मोजणीरांग<टी> काढली. आतून 'किती' हा मूळ क्लासमधला आकडा वापरला तर नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप. मूळ क्लासच टी वर अवलंबून असला की कंपाइलर नुसत्या नावासाठी त्यात डोकावत नाही. धिस->किती लिहायचं. चुलतभावाच्या मित्राकडच्या जुन्या कोडमध्ये हे धिस नाही, कारण जीसीसी 3.4 च्या, म्हणजे 2004 च्या आधी खपून जायचं.

28 सप्टेंबर, शनिवार

भरली ट्रॉली मिळाली, मागच्या वर्षीचा घरात ठेवलेला कापूस कुणीतरी आणला होता. भरती 6,480, खाली 3,960, निव्वळ 2,520 किलो. 25.20 क्विंटल. हमीभावानं धरून पाहिलं तर 1,89,529 रुपये 20 पैसे. काकांनी कागदावर करून पाहिलं, जुळलं.

पावती छापत असताना लाइन गेली.

दहा मिनिटांनी आली. प्रोग्राम सुरू केला, पावतीच नाही. छापलेला कागद काकांच्या हातात, फाइलीत नोंद नाही. कारण सरळ होतं आणि मी लाजले. 'उघडणारा बंद करेल' हे मला इतकं आवडलं होतं की पावती फाइलीत लिहिण्याचं कामही मी पावतीच्या डिस्ट्रक्टरमध्ये टाकलं होतं. पावतीचं आयुष्य संपलं की ती आपोआप नोंदली जाईल, किती छान. पण लाइन गेली की '}' येतच नाही. कुणाचाच डिस्ट्रक्टर धावत नाही. किल -9 नं मारलं तरी नाही. एक्झिट बोलावून बाहेर पडलो तरी फंक्शनमधल्या वस्तूंचे डिस्ट्रक्टर राहूनच जातात.

"तुया प्रोग्रामले वाट्टे का लाइन सांगून जाते म्हून?" काका.

आज रात्री: लिहिणं डिस्ट्रक्टरमधून बाहेर काढलं. वजन बसलं की आधी फाइलीत ओळ, मग एफसिंक, म्हणजे ओळ डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं, ते परत आल्यावरच प्रिंटर. तसाही तो डिस्ट्रक्टर धोक्याचाच होता. सी++11 पासून डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन (काहीतरी बिघडल्याची हाक) बाहेर आलं की प्रोग्राम तिथेच टर्मिनेट होतो, आणि फाइलीत लिहिताना डिस्क भरलेली असणं ही काही अशक्य गोष्ट नाही.

29 सप्टेंबर, रविवार

मेनचं बटण मुद्दाम बंद करून पाहिलं, अकरा वेळा. अकराही वेळा नोंद शिल्लक. दोनदा कागद नाही पण नोंद आहे, हे चालेल. परत छाप असं बटण दिलं. काकांना बटणाचा रंग आवडला नाही, बदलला.

6 ऑक्टोबर, रविवार

मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली दिवसभर चालवला, इंडिकेटरच्या जागी खोटा आकडे देणारा छोटा प्रोग्राम लावून. शेवटी ऑल हीप ब्लॉक्स वेअर फ्रीड. चुलतभावानं स्क्रीनचा फोटो काढला. मी डब्ल्यू शोधले पावत्यांच्या फाइलीत. नाहीत.

'नवं आलं नाही तर जुनं ठेव' ही ओळ मात्र 9 सप्टेंबरनंतरही तशीच होती! मूळ चूक सापडली म्हणून ती विसरले. आज काढली. उत्तर आलं नाही तर स्क्रीन लाल, आकडा कोरा.

17 ऑक्टोबर, गुरुवार

काट्याच्या खोलीत बसवला. केबल खिळ्यांना बांधून उंचावर घेतली, खाली उंदीर आहेत. शिल्लक: पावतीवर गाडी नंबर मराठी अंकांत हवा की इंग्रजी, ते मालकांना विचारायचं. पेनड्राइव्हवर रोजची प्रत. डिस्ट्रक्टर आता अख्ख्या प्रोग्राममध्ये हातानं लिहिलेला एकच उरलाय, राखणीचा.

काकांनी कार्बनचं पावतीपुस्तक टेबलाच्या खणात ठेवलंय. नवं कोरं, या वर्षीचं. मी बघितलं, काही बोलले नाही.